कुलूप, किल्ली आणि उघडझाप

मेंदूतील ग्राही शिकवताना फळ्यावर एक चित्र हमखास येते. रासायनिक दूत ही किल्ली, चेतापेशीच्या पटलातील ग्राही प्रथिन हे कुलूप. किल्ली बसली की दार उघडते आणि आयन आत शिरतात. चित्र सोपे आहे. म्हणूनच ते तपासायला हवे, असे आम्हांला वाटते.

एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये ही उपमा योजली ती विकरांसाठी. कोणता रेणू कोठे बसेल, हे ती छान सांगते. पुढे काय घडते, याबाबत मात्र ती फसवते. दूत चिकटणे आणि मार्ग उघडणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, असे देल कास्तिलो व कात्झ यांनी १९५७ मध्येच मांडले होते. १९७६ मध्ये नेहर आणि साकमान यांनी बेडकाच्या स्नायूतील एकेका मार्गाचा प्रवाह मोजला. मार्ग एकदम उघडतो, एकदम मिटतो. दूत चिकटलेला असतानाही! उघडा राहण्याचा काळ दर वेळी निराळा, बहुधा काही मिलिसेकंदांचा. प्रवाह दोन पिकोॲम्पियर धरला, तरी सेकंदाला सव्वा कोटी आयन होतात.

हा तपशील केवळ तज्ज्ञांसाठी नाही. डायझेपाम हे औषध गाबा ग्राहीवर मूळ किल्लीच्या जागी बसतच नाही. गाबा असताना मार्ग अधिक वेळा उघडेल, एवढेच ते करते. बार्बिच्युरेटे मार्ग अधिक काळ उघडा ठेवतात, आणि मात्रा फार वाढली तर गाबावाचूनही उघडतात. त्यांची जादा मात्रा अधिक प्राणघातक का, याचे एक कारण येथे आहे. कुलूप-किल्लीत हा फरक मावत नाही.

मग वर्गात काय करावे? ३६ विद्यार्थ्यांना एकेक फासा द्या. प्रत्येक फेरीत सर्वांनी फासा टाकायचा. बसलेल्याला ६ पडले तर त्याने उठावे. उभ्याला १ किंवा २ पडले तर बसावे. कोण केव्हा उठेल ते सांगता येणार नाही. पण काही फेऱ्यांनंतर सरासरी १२ जण उभे दिसतील. आता ५ पडले तरी उठू द्या: सरासरी १८. किंवा उठण्याचा नियम मूळचाच ठेवून फक्त १ पडल्यावर बसवा: पुन्हा १८! बेरीज तीच, वाट वेगळी.

किल्लीचे चित्र पुसू नये. त्याच्या शेजारी हा फासा मात्र जरूर ठेवावा.