‘आई’ म्हणजे तुझ्यापाशी

स्पॅनिश शिकायला बसलं की क्रियापदंच घाम काढतात. खरी गोडी मात्र जागा दाखवणाऱ्या चिमुकल्या शब्दांत आहे. आपली ‘इथे’ आणि ‘तिथे’ अशी दोन घरं, त्यांची तीन. ‘आकी’ म्हणजे माझ्यापाशी, ‘आयी’ म्हणजे आपल्या दोघांपासूनही लांब. या दोहोंच्या मधला शब्द लिहिताना ह असतो, पण तो मुका. म्हणून कानाला ऐकू येतं चक्क ‘आई’. अर्थ, तुझ्यापाशी.

बोईसरजवळच्या सालवड गावातल्या घरातून कुणी बोईसर स्टेशनवर थांबलेल्या मैत्रिणीला फोन करतं, ‘‘काय गं, तिकडे पाऊस आहे का?’’ आपल्या या ‘तिकडे’त बोईसरही बसतं आणि दिल्लीही. स्पॅनिश बाई इथे ‘आई’ म्हणेल. पाऊस पडतोय तिथे तू उभी आहेस, हे त्या दोन अक्षरांत आलंच. आपणही ‘तुझ्याकडे’ म्हणतो, नाही असं नाही. पण ते आठवणीनं म्हणावं लागतं. गंमत पुढेच आहे. याच जवळिकीच्या शब्दाआधी ‘पोर’ लागलं की सगळं सैल होतं. ‘पोर आई’, म्हणजे असेल तिथंच कुठेतरी! घरातल्या हरवलेल्या चष्म्याबद्दल आपण ज्या सुरात बोलतो, तोच सूर.

पोर्तुगीजांकडेही ही तिकडी आहे: आकी, आई, आली. सालवडपासून जवळच्या तारापूरच्या किल्ल्यात १७३९ पर्यंत त्यांचंच ठाणं होतं; म्हणजे हे शब्द या किनाऱ्याला अगदीच परके नाहीत.

मला सर्वांत आवडते ती ‘मास आका’ आणि ‘मास आया’ ही जोडी. अक्षरशः, जास्त इकडे आणि जास्त तिकडे. थेट आपलं अलीकडे-पलीकडे! ‘नाक्याच्या अलीकडे उतर’ म्हणणाऱ्याला ही जोडी समजावून सांगावी लागत नाही. पुढे मात्र वाटा फुटल्या. आपलं ‘अलीकडे’ काळात शिरलं, हल्ली या अर्थानं. त्यांचं ‘मास आया’ मरणापल्याड गेलं. ‘एल मास आया’ म्हणजे परलोक. आपला ‘पैलतीर’ही तिथलाच.

रिक्षात बसल्यावर मात्र रसिकता आवरावी. मेक्सिकोत ‘आ ला देरेचा’ म्हणजे उजवीकडे आणि ‘देरेचो’ म्हणजे सरळ. शेवटचा स्वर चुकला की वळण चुकलं. स्पेनमध्ये सरळ जायला बहुधा ‘तोदो रेक्तो’ म्हणतात, त्यामुळे तिथे हा घोळ कमी.