नावनोंदणीचा प्रवास : एका नव्या लेखनप्रकाराची चिकित्सा

मराठी प्रवासलेखनात अलीकडे एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. त्यास अद्याप नाव मिळालेले नाही. वाडवडिलांच्या जन्माच्या आधारे पोर्तुगीज राष्ट्रीयत्व मिळविण्यासाठी केलेल्या दोन-चार दिवसांच्या शहरयात्रेचा हा वृत्तांत असतो. ते शहर बहुधा पणजी असते, क्वचित लिस्बन. धर्मग्रामाच्या स्मरणिका, नाताळ अंक, नातलगांनी एकमेकांस धाडलेली आणि पुढे हातोहात फिरलेली पत्रे यांतून असे लेखन आमच्या वाचनात येते. कोल्हापुरात गोव्याशी नाते सांगणारी कॅथलिक घरे असल्याने ते येथे आवडीने वाचलेही जाते. वाङ्मय म्हणून त्याचा विचार मात्र कोणी केलेला दिसत नाही. ज्या लेखनाच्या आधारे कुटुंबे आपले भवितव्य ठरवितात, ते खरे बोलते की नाही हे पाहणे समीक्षेचेच काम आहे, असे आम्ही मानतो.

या वृत्तांतांचा साचा लवकरच ठरून गेला आहे. मध्यवर्ती बसस्थानकावरून गाडी सुटते, आंबोलीच्या घाटात धुके भेटते, सावंतवाडीनंतर माडांची रांग सुरू होते. पणजीस पोहोचल्यावर निष्कलंक गर्भसंभव मातेच्या चर्चच्या पायऱ्या चढणे आलेच. मग वकील, झेरॉक्सचे दुकान, शिक्के, सही, आणि रात्री माशाची आमटी. लेखक लिस्बनपर्यंत गेला असेल तर बेलेमचा मनोरा, तेथील प्रसिद्ध अंड्याच्या गोड पेस्ट्रीची चव, आणि संत अंतोनीच्या जन्मस्थानी उभारलेल्या चर्चमध्ये लावलेली मेणबत्ती. (संत अंतोनी लिस्बनमध्ये जन्मले, पण जग त्यांना पदुआचे म्हणून ओळखते. जन्मस्थानाच्या दाखल्यासाठी तेथे गेलेल्या एकाही लेखकास ही गोष्ट नोंदवावीशी वाटू नये, याचे आम्हांस नवल वाटते.)

पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ १९६० साली प्रसिद्ध झाले. त्या परंपरेतील प्रवासी पाहावयास जातो. तो परदेशास निरखतो, हसतो, स्वतःच्या बावळेपणाची मौज सांगतो आणि घरी परततो. घर जागच्या जागी असते. आपल्या या नव्या प्रवाशाची स्थिती उलटी आहे. येथे त्यालाच निरखले जाते. त्याचे नाव, बापाचे नाव, आजीच्या नावातील एक अक्षर खिडकीपलीकडचा माणूस तपासत असतो. असा प्रवासी ‘अपूर्वाई’चा सूर लावू पाहतो तेव्हा तो सूर खोटा पडतो. पेस्ट्रीच्या वर्णनास अर्धे पान मिळते आणि ज्या कारणासाठी प्रवास केला त्याची बोळवण ‘काम झाले’ या दोन शब्दांत होते.

आमचा मुख्य आक्षेप मात्र एका विशेषणावर आहे. या लेखनात ‘दुसरा पासपोर्ट’ असा शब्दप्रयोग सर्रास आढळतो. दुसरा म्हणजे पहिला असताना आणखी एक, दुसऱ्या छत्रीसारखा. भारतीय कायद्यात असा दुसरा पासपोर्ट नाही. संविधानाचा अनुच्छेद ९ आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे कलम ९ यांचा आशय स्वच्छ आहे : स्वेच्छेने परकीय नागरिकत्व स्वीकारणारी व्यक्ती भारताची नागरिक राहत नाही. तिला भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. पुढे ‘ओसीआय’ कार्ड मिळू शकते. त्यावर येथे येता-जाता येते, राहता येते. पण मतदान करता येत नाही, निवडणूक लढविता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्या जिल्ह्यात उसाच्या एका एकरावरून भावाभावांत बोलणे बंद होते, तेथे हे शेवटचे वाक्य वृत्तांताच्या तळटीपेतसुद्धा नसावे? ‘दुसरा’ या एका शब्दाने ते झाकले आहे. मुळात ही अदलाबदल आहे, आणि लेखकाने तिला भर म्हटले आहे.

केवळ लिस्बनच्या नोंदवहीत जन्म नोंदविला आणि पासपोर्ट घेतलाच नाही, तर काय, हा प्रश्न तर याहून गुंतागुंतीचा आहे. २०१२ च्या निवडणुकीनंतर गोव्यातील दोन आमदारांच्या नागरिकत्वावर याच मुद्द्यावरून आक्षेप घेतले गेले आणि प्रकरण न्यायालयापर्यंत पोहोचले. मान्यवरांची ही गत, तर कोल्हापुरातल्या एखाद्या शिंप्याच्या मुलाने ‘नुसती नोंद करून ठेवली, पुढचे पुढे पाहू’ असे बिनदिक्कत लिहावे, यास आम्ही भोळेपणा म्हणू.

या मागचा इतिहास थोडक्यात सांगणे भाग आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यातील पोर्तुगीज सत्ता संपली. १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने तेथील रहिवासी भारताचे नागरिक झाले. ज्यांना ते नको होते त्यांना तसे लेखी कळविण्यास एक महिन्याची मुदत होती. पोर्तुगालने भारताची सत्ता मान्य केली ती १९७४ च्या अखेरीस झालेल्या कराराने. मात्र त्या तारखेपूर्वी गोवा, दमण, दीव येथे जन्मलेल्यांचे राष्ट्रीयत्व पोर्तुगीज कायद्याने पुसून टाकले नाही. जन्माची नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात करून घेतली की ते सिद्ध होते, आणि मग त्यांच्या मुलांसही दार उघडते. पोर्तुगाल युरोपीय संघात असल्यामुळे हे दार प्रत्यक्षात इंग्लंडकडे उघडत होते. स्विंडन आणि साउथॉल येथे गोमंतकीयांची वस्ती वाढली ती यामुळेच. ब्रिटन संघातून बाहेर पडले आणि २०२० संपताना ती वाटही बंद झाली. लोक पोर्तुगीज भाषेच्या ओढीने गेले नाहीत, मजुरीच्या ओढीने गेले, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. हे सरळ लिहिण्याऐवजी ‘मुळांचा शोध’ असे शीर्षक का द्यावे, हे आम्हांस कळत नाही.

मुळांचा शोध खरोखर घ्यावयाचा असता, तर त्याचे साधन याच प्रवाशांच्या हातात होते. ते म्हणजे बाप्तिस्म्याची नोंद. पोर्तुगालात १९१० मध्ये प्रजासत्ताक आल्यानंतर गोव्यातही नागरी नोंदणीचा अंमल आला. तत्पूर्वी कॅथलिकांच्या जन्माचा पुरावा म्हणजे चर्चची वही. पोर्तुगीज धाटणीच्या जुन्या नोंदी बहुधा एका दमाच्या लांब वाक्यात असतात. अमुक सालच्या अमुक दिवशी, अमुक चर्चमध्ये, अमुक पाद्रीने, अमुक वाड्यावर जन्मलेल्या बालकास स्नानसंस्कार दिला; बाप कोण, आई कोण, बहुधा दोन्हीकडचे आजी-आजोबा कोण, धर्मपिता व धर्ममाता कोण; आणि शेवटी सही. एका वाक्यात आठ-दहा माणसे गोळा होतात. बालक त्या सर्वांच्या मध्यभागी असते, आणि सारे वाक्य त्यास कवेत घेते. आमच्या मते ही उत्तम गद्यरचना आहे.

पासपोर्टच्या फायलीत या वाक्याचे काय होते? त्यातून नाव, तारीख, स्थळ, आई, बाप एवढेच उचलले जाते. धर्ममाता गळते. मूल तीन दिवसांचे असताना त्यास उचलून चर्चपर्यंत नेणारी ती बाई राष्ट्रीयत्वाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. कार्यालयास दोष देण्याचे कारण नाही, त्याचा हेतूच निराळा. परंतु लेखकाने तरी ती नोंद पुरी वाचावी की नाही? आम्ही पाहिलेल्या वृत्तांतांत ‘दाखला मिळाला’ असे वाक्य जागोजागी आहे. दाखल्यात काय लिहिले होते हे जवळजवळ कोठेच नाही. पोर्तुगीज कळत नाही ही सबब आम्ही मान्य करणार नाही. भाषांतर करून देणारा माणूस पणजीत तर हवाच असतो, कारण त्याशिवाय काम पुढे सरकत नाही.

नावांच्या बाबतीत मात्र या लेखनात अनवधानाने काही सुंदर जागा येऊन गेल्या आहेत. वहीतला ‘दोमिंगुस’ कोल्हापूरच्या शाळेत ‘दुमिंग’ होतो, रेशनकार्डावर ‘डॉमनिक’, आणि गल्लीत ‘दुमा मिस्त्री’. मग हे सर्व एकच इसम असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागते. त्या प्रतिज्ञापत्रात एका माणसाने दोन राजवटींत आणि तीन भाषांत काढलेले आयुष्य आहे. त्याचा जन्म पोर्तुगालच्या अमलात, त्याची रोजी करवीर छत्रपतींच्या संस्थानात, आणि १९४९ साली संस्थान विलीन झाल्यावर त्याची मुले भारतीय संघराज्याची. लेखक मात्र हे प्रतिज्ञापत्र म्हणजे ‘उगाच डोकेदुखी’ म्हणून पुढे जातो. कामाचा क्रमही पाहण्यासारखा आहे. आधी वडिलांचा जन्म नोंदवावा लागतो, नंतर आई-वडिलांचे लग्न, आणि त्यानंतर स्वतःचा जन्म. चाळिशीतला मुलगा आपल्या बापाला पणजीत पुन्हा जन्मास घालतो, त्याचे लग्न लावून देतो आणि मग स्वतः जन्मतो. एवढी मोठी कल्पना दारात येऊन उभी राहावी आणि तिला कोणी आत घेऊ नये!

आजरा-चंदगडच्या बाजूस कित्येक पिढ्यांपूर्वी गोव्यातून येऊन स्थिरावलेल्या कॅथलिक घराण्यांचा उल्लेखही येथे हवा. त्यांचे आडनाव तेच, नवेना तीच, घरातल्या बोलीत कोकणीचा अंश तोच. पण कायद्यास १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेला बाप किंवा आजोबा दाखवावा लागतो. खापरपणजोबा चालत नाही. एकाच बाकावर बसून मिस्सा ऐकणाऱ्या दोन कुटुंबांपैकी एकास वंश आहे आणि दुसऱ्यास नाही, असा याचा अर्थ होतो. हा भेद धर्मग्रामात कसा वावरतो, सोयरीक जुळविताना तो कसा हळूच बोलला जातो, यावर एखादी चांगली कथा लिहिता येईल. अद्याप ती आमच्या वाचनात नाही.

पूर्वजांच्या गावी नाव नोंदविण्यासाठी केलेल्या एका यात्रेची हकीकत आपण सर्वजण दर नाताळात ऐकतो. योसेफ दाविदाच्या घराण्यातला म्हणून नाझरेथहून बेथलेहेमास गेला. संत लूक ती नोंदणी पाच ओव्यांत आटोपतो, आणि पुढे योसेफाचे नाव वहीत चढले की नाही, हे तो सांगतच नाही. जागा मिळाली नाही हे सांगतो, गोठ्यातील गव्हाण सांगतो. सरकारी कामासाठी निघालेल्या माणसाच्या वृत्तांतात काय ठेवावे आणि काय गाळावे, याचा याहून चांगला पाठ आम्हांस ठाऊक नाही. त्याच लेखकाच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात बाविसाव्या अध्यायात संत पौल आणि रोमन सरदार यांचे संभाषण आहे. सरदार म्हणतो, मी हे नागरिकत्व मोठी रक्कम मोजून घेतले. पौल म्हणतो, मी जन्मतःच नागरिक आहे. तेथे किंमत उघड बोलली जाते. आमच्या वृत्तांतांत वकिलाची फी, भाषांतराचा खर्च, बहिणीकडून उसने घेतलेले पैसे यांबद्दल मौन असते.

हिशेब मांडणारे लेखन आपल्या परंपरेत आहे. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ घ्या. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, बाईंनी १९०० साली. मधल्या वर्षांत काय तुटले आणि काय टिकले हे त्यांनी चूल, पाणी आणि सोवळे यांच्या तपशिलातून सांगितले. तत्त्वज्ञान सांगत बसल्या नाहीत. दामोदर मावजो यांची ‘कार्मेलीन’ ही कोकणी कादंबरी १९८१ ची. तिची नायिका मुलीला मागे ठेवून कुवेतला घरकामास जाते, आणि परदेशच्या पैशाची किंमत कोणी कशी मोजली हे वाचकापासून लपत नाही. फार मागे जायचे तर फादर स्टीफन्स आहेत. ४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून गोव्यास निघाले आणि पोहोचल्यावर लंडनमधील वडिलांना त्या सागरप्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले : वारे, मासे, आजारपण, सारे काही. ते परत कधी गेले नाहीत. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले. लिस्बन-गोवा मार्गावरचा आपल्या भाषेतील हा पहिला मोठा लेखक, जन्माने इंग्रज. त्याच मार्गाने उलट जाणाऱ्यांनी त्यांचे पत्र एकदा वाचावे.

आणखी एक उणीव. हे सर्व वृत्तांत जाणाऱ्यांनी लिहिलेले आहेत. ज्या आईच्या कपाटातून जुना दाखला निघाला, जिने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत, नोव्हेनाच्या पुस्तकात जपला होता आणि जी मुलगा गेल्यावर कोल्हापुरातच राहिली, तिची बाजू कोणी लिहिलेली नाही. तिचा पासपोर्ट एकच आहे, किंवा मुळीच नाही.

बाप्तिस्म्याच्या वहीत मुख्य नोंदीशेजारी समास सोडलेला असतो. धर्मनियमाप्रमाणे दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा यांची टिपणे त्यात करावी लागतात. लग्न परगावी झाले तर तेथील धर्मगुरू पत्र पाठवून कळवितो आणि मूळ वहीत ओळ चढते. कोल्हापुरात लग्न झालेल्या कित्येक गोमंतकीयांची अशी ओळ बार्देश-साष्टीच्या वह्यांतून सापडावी. राष्ट्रीयत्व बदलल्याची टीप तेथे कोणी करीत नाही, तसा नियमही नाही. पुढच्या वेळी पणजीस जाणाऱ्या लेखकाने वकिलाकडील रांग सुटल्यावर एक दिवस काढावा, आजोबांच्या गावच्या चर्चमध्ये जावे, धर्मगुरूंच्या परवानगीने तो समास पाहावा, आणि त्यात जे असेल ते या त्रैमासिकाकडे लिहून पाठवावे.