३७७०के नेमका कशानं तापला? एका गाजलेल्या निष्कर्षाची उलटतपासणी

ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांच्या जगात २०१२ पासून एक वाक्य जवळपास म्हणीसारखं वापरलं जातं: इंटेलनं झाकणाखाली स्वस्तातली पेस्ट भरली, म्हणून आयव्ही ब्रिज तापतो. अनेकांनी झाकण उघडून, पेस्ट बदलून याचा पडताळा घेतला आणि तापमान खरोखर खाली आलं. आता प्रश्न असा की, तापमान खाली आलं म्हणजे पेस्ट वाईट होती हे सिद्ध झालं का? माझं उत्तर 'नाही' असं आहे. पीएचडीच्या मुलाखतीत 'तुमच्या प्रयोगात नेमकं काय बदललं?' हा प्रश्न हमखास येतो. त्याची तयारी म्हणून हे उदाहरण मला फार चांगलं वाटतं, म्हणून ते सविस्तर बघू.

आधी घटना काय होती ते. जानेवारी २०११ मध्ये इंटेलचे सँडी ब्रिज प्रोसेसर आले. ३२ नॅनोमीटर तंत्र, चार कोअरच्या चिपचं क्षेत्रफळ २१६ चौरस मिमी, वरच्या मॉडेलवर ९५ वॉटचा शिक्का. चिप आणि वरचं धातूचं झाकण यांच्यामध्ये सोल्डर होतं. एप्रिल २०१२ मध्ये आयव्ही ब्रिज आला, त्यातला सगळ्यात वरचा म्हणजे कोअर आय७-३७७०के. २२ नॅनोमीटर, १६० चौरस मिमी, ७७ वॉट. झाकणाखाली सोल्डरऐवजी पेस्ट. कागदावर वीज कमी लागणार, तर तो थंड राहायला हवा होता. पण वेग वाढवला की तो सँडी ब्रिजपेक्षा जास्त तापायचा.

इथेच पहिली घाई झाली. लोकांना दोन पिढ्यांत एकच फरक दिसला, पेस्टचा. खरं तर निदान तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या: चिपचं क्षेत्रफळ, ट्रान्झिस्टरची रचना आणि मधला पदार्थ. यातली क्षेत्रफळाची गोष्ट साध्या भागाकारानं तपासता येते. ९५ वॉट भागिले २१६ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ०.४४ वॉट. ७७ भागिले १६० म्हणजे ०.४८ वॉट. एकूण वीज कमी झाली, तरी दर चौरस मिलिमीटरमधून बाहेर पडणारी उष्णता साधारण ९ टक्क्यांनी वाढली. म्हणजे पेस्टचा विषय न काढताही थोडं जास्त तापमान अपेक्षितच होतं. आणि ही सगळ्या चिपची सरासरी आहे. प्रत्यक्ष काम करणारे कोअर त्यातल्या थोड्याच जागेत दाटीनं बसलेले असतात, तिथे हा आकडा बराच वर जातो.

ओव्हरक्लॉकिंगमध्ये हे आणखी वाढतं, कारण लागणारी वीज ढोबळमानानं वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा वेग ३.५ वरून ४.५ गिगाहर्ट्झ केला आणि त्यासाठी व्होल्टेज १.०५ वरून १.२५ करावं लागलं. वेगाची वाढ १.२९ पट, व्होल्टेजच्या वर्गाची १.४२ पट, गुणाकार सुमारे १.८. वेग तीस टक्के वाढवायला गेलो आणि उष्णता ऐंशी टक्के वाढली.

झाकण उघडण्याचा प्रयोग

आता मुख्य पुराव्याकडे येऊ. झाकण उघडायचं, कंपनीची पेस्ट पुसायची, चांगली पेस्ट लावायची, झाकण परत बसवायचं, तापमान मोजायचं. दिसायला अगदी स्वच्छ प्रयोग. आधीचं तापमान आणि नंतरचं तापमान, दुसरं काही बदललेलं नाही. की बदललंय?

एखाद्या थरातून उष्णता जाताना तिला जो अडथळा होतो, त्याला औष्णिक रोध म्हणू. रोध = जाडी ÷ (वाहकता × क्षेत्रफळ). एकक अंश प्रति वॉट; म्हणजे एक वॉट उष्णता ढकलायला त्या थराच्या दोन बाजूंत किती अंशांचा फरक लागतो. आकडे गृहीत धरू. पेस्टची वाहकता ५ वॉट प्रति मीटर-केल्विन, थराची जाडी ०.१ मिमी, क्षेत्रफळ १६० चौरस मिमी. रोध येतो ०.१२५. ओव्हरक्लॉक केलेली चिप १२० वॉट टाकत असेल, तर एवढ्याशा थरावर १५ अंश खर्च होतात. तेवढ्याच जाडीचं सोल्डर घेतलं, वाहकता ८० धरली, तर एक अंशही लागत नाही.

पुढे बघा. दुप्पट वाहकतेची पेस्ट लावली आणि जाडी तीच ठेवली, तर १५ चे ७.५ अंश होतात. पेस्ट तीच ठेवली आणि जाडी निम्मी केली, तरीही ७.५ अंशच होतात. तापमापीच्या दृष्टीनं या दोन घटना हुबेहूब सारख्या आहेत. सूत्रात जाडी आणि वाहकता भागाकाराच्या रूपातच येतात, त्यामुळे केवळ शेवटच्या तापमानावरून त्यांना वेगळं काढताच येत नाही.

आणि प्रत्यक्षात होतं काय? झाकण ज्या काळ्या चिकट पट्टीनं बसवलेलं असतं, ती पट्टी उघडताना कापली जाते आणि नंतर खरवडून काढली जाते. झाकण परत ठेवलं की ते आधीपेक्षा थोडं खाली, चिपच्या जास्त जवळ बसतं. म्हणजे पेस्टही बदलली आणि जाडीही बदलली. श्रेय मात्र सगळं नव्या पेस्टला मिळालं आणि दोष सगळा जुन्या पेस्टला.

यातून वाट काढायला नवं उपकरण लागत नाही, आणखी दोन जोडण्या लागतात. एक, काळी पट्टी काढून झाकण खाली बसवायचं पण जुन्याच प्रकारची पेस्ट वापरायची. दोन, नवी पेस्ट लावायची पण मूळ अंतर कायम ठेवायचं. आधीच्या दोन मिळून चार जोडण्यांचा तक्ता होतो आणि कशाचा वाटा किती ते समोर येतं. पुढे हौशी प्रयोगकर्त्यांमधूनच अंतराचा मुद्दा मांडला गेला, याचं मला कौतुक वाटतं. तरी म्हण मात्र पेस्टचीच टिकली, कारण ती सांगायला सोपी आहे आणि तिच्यात एक खलनायक आहे.

२०१८ मध्ये कोअर आय९-९९००के बरोबर सोल्डर परत आलं. म्हणीप्रमाणे प्रश्न तिथे संपायला हवा होता. पण तेव्हाही काही जणांनी झाकण उघडलं, सोल्डर काढून द्रवरूप धातू लावला आणि आणखी काही अंश मिळवले. म्हणजे 'सोल्डर चांगलं, पेस्ट वाईट' ही विभागणीही अपुरी आहे. थर कशाचा आहे याबरोबर तो किती जाड आहे, आणि त्याच्या खाली-वर काय आहे, हे सगळं मोजावं लागतं.

'सगळ्यांचं तापमान १००' असा तक्ता

दुसरी तक्रार कूलरच्या तुलनात्मक तक्त्यांबद्दल आहे. २०२२ च्या कोअर आय९-१३९००के वर कंपनीनं कमाल टर्बोसाठी २५३ वॉट लिहिले आहेत आणि तापमानाची मर्यादा १०० अंश आहे. त्याच वर्षीच्या रायझन ९ ७९५०एक्सची मर्यादा ९५ अंश. विजेची मर्यादा उठवून पूर्ण भार टाकला, तर असे प्रोसेसर बहुतेक कूलरवर त्या मर्यादेपर्यंत जातात आणि मग स्वतःचा वेग कमी करून तिथेच थांबतात.

अशा वेळी तापमान हे प्रयोगाचं उत्तर राहत नाही. प्रोसेसरनंच ते पक्कं धरून ठेवलेलं असतं. समजा खोली २५ अंशांवर आहे. एका कूलरवर चिप १०० अंशांना २५० वॉट घेते, दुसऱ्यावर १०० अंशांनाच २८० वॉट. तापमानाच्या रकान्यात दोघांची बरोबरी आहे. रोध काढला, तर पहिला ०.३० आणि दुसरा ०.२७. फरक सगळा विजेच्या रकान्यात आहे, आणि नेमका तोच रकाना पुष्कळ तक्त्यांत नसतो.

खोलीचं तापमान न लिहिणं हा याचाच भाऊ. २१ अंशांच्या खोलीत काढलेला ८५ हा आकडा नागपूरच्या मे महिन्यात, ३८ अंशांच्या खोलीत, कुणाच्या कामाचा? 'खोलीपेक्षा ६४ अंश जास्त, अमुक वॉटला' असं लिहिलं असतं, तर वाचणाऱ्याला निदान बेरीज करता आली असती: १०२. म्हणजे त्याच्याकडे तो प्रोसेसर मर्यादेला जाऊन वेग कमी करणार. आणि कूलर काढून परत बसवला की पेस्ट वेगळी पसरते, दाब थोडा बदलतो. एकदाच बसवून आलेल्या एका अंशाच्या फरकावर पहिला-दुसरा क्रमांक देणं धाडसाचं आहे.

पण सरसकट नावं ठेवणं अन्यायाचं होईल. चांगले परीक्षक आता पंख्यांचा आवाज सारखा ठेवून, वीज ठरावीक ठेवून कूलरची तुलना करतात. एक गोष्ट पक्की धरायची आणि दुसरी मोजायची, ही प्रयोगाची शिस्त मला काही छापील शोधनिबंधांपेक्षाही तिथे जास्त दिसते.

संशोधनाशी याचा संबंध काय?

थेट आहे. १९८१ मध्ये स्टॅनफर्डच्या टकरमन आणि पीस यांनी सिलिकॉनमध्येच सूक्ष्म चर कोरून त्यातून पाणी सोडलं. त्यांनी दिलेले आकडे: दर चौरस सेंटिमीटरला ७९० वॉट, आत येणाऱ्या पाण्यापेक्षा ७१ अंश वाढ, रोध ०.०९ अंश प्रति वॉट, क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर. ७१ ला ७९० ने भागा, ०.०९ येतो. वाचणाऱ्याला दोन ओळींत तपासता येतो, हा त्या निबंधाचा मोठेपणा. पण तिथे मध्ये ना पेस्ट होती ना झाकण. त्यामुळे ७९० हा आकडा उचलून आजच्या वॉटर कूलरशेजारी ठेवणं, म्हणजे परत तीच पेस्टवाली चूक.

आता तुमच्यापैकी कुणी शीतकरणावर प्रस्ताव लिहीत असेल, त्यांच्यासाठी. 'पाण्यात नॅनोकण मिसळून उष्णतावहन २० टक्क्यांनी सुधारलं' अशा धर्तीची वाक्यं तुम्ही वाचाल. समजा चिपपासून खोलीपर्यंत एकूण रोध ०.३० आहे आणि त्यात पाण्याच्या बाजूचा वाटा ०.०५. तिथे २० टक्के सुधारणा झाली, तर ०.०५ चा ०.०४२ होतो. २५० वॉटला वाचले फक्त दोन अंश. कूलर परत बसवताना होणारा फरकही याच घरातला असू शकतो. शिवाय २००९ मध्ये तीसहून अधिक संस्थांनी सारखेच नॅनोद्रव मोजून पाहिले, तेव्हा वाहकतेत विलक्षण म्हणावी अशी वाढ सापडली नाही. चार-पाच वर्षं आणि फेलोशिप त्या ०.००८ वर लावायची का, हे प्रस्ताव लिहिण्याआधी ठरवायला हवं.

त्यासाठी एक कागद पुरतो. चिप, मधला थर, झाकण, वरची पेस्ट, कूलरचा तळ, पाणी किंवा हवा, खोली: ही साखळी लिहा. प्रत्येक कडीचा रोध अंदाजानं मांडा. निबंधात कोणती कडी बदलली तिच्याभोवती गोल करा आणि तिच्याबरोबर नकळत दुसरी कोणती बदलली असेल, ते शेजारी लिहा. ३७७०केच्या बाबतीत त्या कागदावर दोन गोल आले असते.