शिष्यवृत्ती मिळाली, प्रश्न मिळाला का?

रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेले विद्यार्थी पीएच.डी.च्या संधींबद्दल विचारतात, तेव्हा प्रश्न बहुधा दोनच असतात : जागा कुठे आहे आणि शिष्यवृत्ती किती? दोन्ही रास्त आहेत. त्यांची उत्तरेही सोपी आहेत. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयआयटी मद्रास अशा ठिकाणी उत्प्रेरकांवर दीर्घकाळ काम चालू आहे. नेटमधून कनिष्ठ संशोधक शिष्यवृत्ती मिळवणाऱ्याला २०२३पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. पण तिसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो : तिथे मी नेमके काय शोधणार?

तो का महत्त्वाचा, हे शाळेतल्याच एका प्रयोगातून दिसते. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड टाका, नाहीतर चमचाभर टाका. शेवटी जमा होणारा ऑक्सिजन सारखाच असतो. फरक असतो तो वेगात. म्हणून उत्प्रेरकांची तुलना अभिक्रिया संपल्यावर नव्हे, तर सुरुवातीला करायची. शर्यत संपून तासाभराने मैदानावर गेलो, तर सगळेच धावपटू पोचलेले दिसणार!

इतकी साधी गोष्ट अनेक शोधनिबंधांत मात्र हरवते. नवा पदार्थ तयार करायचा, त्याची क्ष-किरण चित्रे काढायची, अभिक्रिया ९८ टक्के पूर्ण झाली असे दाखवायचे आणि तोच उत्प्रेरक पाच वेळा वापरूनही आकडा टिकला म्हणून तो टिकाऊ ठरवायचा. वास्तविक त्याची निम्मी शक्ती गेली असली, तरी पुरेसा वेळ दिल्यावर आकडा ९८च येऊ शकतो. पुढच्या निबंधात एक धातू बदलायचा, की झाले! अभिक्रिया कोणत्या पायऱ्यांनी घडते, हे मात्र अंधारातच राहते.

याउलट अमोनियाचे उदाहरण पाहा. हाबर यांनी १९०९मध्ये प्रक्रिया करून दाखवली. हजारो मिश्रणे तपासून लोहाचा उत्प्रेरक निवडला गेला आणि १९१३मध्ये कारखानाही उभा राहिला. पण लोहाच्या पृष्ठभागावर घडते काय? नायट्रोजनचा रेणू तिथे आधी फुटतो आणि हीच सर्वांत संथ पायरी असते, हे गेरहार्ड एर्टल यांनी अनेक दशकांनंतर दाखवले. त्यांना २००७चे नोबेल मिळाले. कारखाना चालू होता, तरी प्रश्न संपला नव्हता.

दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही. प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२मध्ये काढली. तरी नोकरीच्या वेळी निबंधांची मोजणी होतेच. पीएच.डी.नंतरच्या दोन वर्षांच्या शिष्यवृत्तीतही म्हणूनच जुनेच काम नव्या पत्त्यावर चालू राहते. खरे तर ही वर्षे आपल्याला न येणारे तंत्र शिकण्यासाठी असतात : पृष्ठभागाचा वर्णपट घेणे किंवा संगणकावर अभिक्रियेचा मार्ग काढणे.

म्हणून प्रयोगशाळा निवडण्यापूर्वी विद्यार्थ्याने तिथले दोन-तीन शोधनिबंध वाचावेत. वेग मोजला आहे का? उत्प्रेरक निकामी का होतो, हे तपासले आहे का? मार्गदर्शकांना हे विचारणे उद्धटपणा नव्हे. उत्तर टाळले गेले, तर दुसरी जागा पाहावी. पाच वर्षे आपली जाणार आहेत.

आणि शिक्षकांनी? पेरॉक्साइडच्या प्रयोगात 'किती वायू आला?' याबरोबर 'पहिल्या मिनिटात किती आला?' हेही विचारावे. संशोधनाची सवय तिथूनच लागते.