मायन्यावाचूनचे पत्र : वसाहतकालीन टपाल-जाहिरात आणि मराठी गद्य

मराठी गद्याचा इतिहास निबंध, कादंबरी, चरित्र आणि वृत्तपत्रीय लेखन या चार वाटांनी लिहिला गेला आहे. ज्या नियतकालिकांतून हे गद्य प्रथम छापले गेले, त्यांच्या शेवटच्या पानांवर आणि वेष्टनांवर आणखी एक गद्य नियमितपणे येत होते : टपालाने मागवायच्या औषधांचे, तेलांचे, घड्याळांचे, कंदिलांचे. अनेक ग्रंथालयांत मासिकांचे खंड बांधताना ही पाने काढून टाकली गेली. बांधणाऱ्याच्या दृष्टीने तो मजकूर 'वाङ्मय' नव्हता, आणि वाङ्मयेतिहासकारांनीही हा निवाडा निमूटपणे मान्य केला. परिणामी, अनोळखी वाचकाला संबोधण्याची एक नवी रीत मराठीत कशी रूढ झाली, या प्रश्नाचा एक महत्त्वाचा पुरावाच दृष्टीआड झाला.

या गद्याच्या मुळाशी एक भौतिक व्यवस्था होती. १८५४ च्या टपाल कायद्याने अंतर न पाहता एकच हशील आकारण्याचे तत्त्व आणले. १८७७ मध्ये व्हॅल्यू पेएबल, म्हणजे व्ही. पी. पद्धत सुरू झाली, १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि १८८० मध्ये मनीऑर्डरीचे काम टपालखात्याकडे गेले. 'केसरी' निघाला तो १८८१ मध्ये. म्हणजे वृत्तपत्र दूरवरच्या गावी पोहोचू लागले, तेव्हा त्याच वाटेने माल पाठवण्याची आणि पैसे वसूल करण्याची सोयही सिद्ध झाली होती. व्ही. पी.त गिऱ्हाईक पोस्टमनच्या हाती पैसे देतो आणि मगच पुडके फोडतो. वस्तू पाहून, हाताळून, घासाघीस करून घेण्याचा बाजारातला व्यवहार येथे संभवत नाही. उलट गिऱ्हाइकाने पुडके नाकारले, तर ते विक्रेत्याकडे परत जाऊन जाण्यायेण्याचा भुर्दंड त्याच्यावर पडतो. मागणीचे कार्ड टाकल्यापासून पुडके येईपर्यंतचे दिवस वाचकाचा विश्वास टिकवून धरण्याचे काम केवळ शब्दांना करावे लागते. जाहिरातीची भाषा इतकी आग्रही आणि पुनरुक्तिपूर्ण का, याचे एक उत्तर या व्यवहारात आहे.

या आग्रहाचे स्वरूप तपासताना प्रथम आठवते ती स्तोत्रांची आणि व्रतांची फलश्रुती. अपत्यहीनाला अपत्य, रोग्याला आरोग्य, निर्धनाला धन ही फलांची यादी मराठी वाचकाच्या कानात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली होती. एकाच गोळीने वात, अजीर्ण, निद्रानाश आणि स्मरणशक्तीची क्षीणता नाहीशी होते, असे छापलेले वाचताना त्याला ते विसंगत वाटले नसावे, कारण असे वाचण्याची त्याला सवय होती. तरीही दोहोंतला भेद मूलगामी आहे. फलश्रुती पठणाच्या अखेरीस येते. जाहिरातीत फल आरंभी येते, आणि अखेरीस येतात किंमत, टपालहशील आणि पत्ता. साम्य आहे ते अपयशाच्या विल्हेवाटीत. व्रत फळले नाही, तर उणीव आचरणात शोधायची. औषधाला गुण आला नाही, तर पथ्यात. 'पथ्य सांभाळल्यास' हे दोन शब्द हमीच्या वाक्याला जोडले, की हमीचा भार हलकेच रोग्याच्या माथी येतो.

याहून सूक्ष्म गोष्ट वाक्यरचनेत दडलेली आहे. मराठीत शरीराचे आणि मनाचे अनुभव बहुधा चतुर्थीच्या योजनेने सांगितले जातात : त्याला झोप येत नाही, तिला अन्न गोड लागत नाही. यातला 'त्याला' किंवा 'तिला' गाळला, तरी वाक्य व्याकरणदृष्ट्या पुरे राहते. औषधाच्या जाहिरातींनी ही सोय पुरेपूर वापरली. झोप येत नाही, उत्साह वाटत नाही, कामात लक्ष लागत नाही अशी लक्षणांची माळ लागते, आणि प्रत्येक वाक्यात अनुभवणाऱ्याची जागा रिकामी असते. त्या जागेवर वाचक स्वतःला बसवतो. कोणी त्याच्यावर आरोप केलेला नसतो, तरी कबुली दिली जाते. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात धातुपौष्टिक औषधांचा जो मोठा बाजार पश्चिम हिंदुस्थानात उभा राहिला, आणि जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या ज्याचे ठळक उदाहरण होत्या, त्याच्या मुळाशी तरुण पुरुषाच्या मनातली अशी न उच्चारलेली कबुली होती. ही वाक्ये आधीच असलेल्या भीतीला नाव देत होती आणि जिथे ती नव्हती तिथे निर्मीत होती.

लक्षणांची माळ संपताच वाक्य आज्ञार्थात शिरते : मागवा, अनुभव घ्या, पत्ता स्वच्छ लिहा. या 'तुम्ही'चा विचार केल्याशिवाय या गद्याचे नवेपण कळत नाही. जुन्या मराठी पत्रात मायना हा मजकुराइतकाच अर्थवाही असे. तीर्थरूप, चिरंजीव, सौभाग्यवती, राजमान्य राजेश्री या शब्दांनी लिहिणारा आणि वाचणारा यांचे नाते, वय, जात आणि मान आधीच ठरून जात. जाहिरातही पत्रच होती. तिला सही होती, पत्ता होता, उत्तराची अपेक्षा होती. तिला मायना तेवढा नव्हता. समोरचा कोण आहे हे ठाऊक नसताना त्याच्याशी त्याच्या देहाबद्दल बोलणारे हे पत्र होते. घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे किंवा गावच्या वैद्यापुढे जे उच्चारता येत नव्हते, ते दूरच्या शहरातल्या अनोळखी माणसाला कार्डावर किंवा बंद पाकिटात लिहिता येऊ लागले.

या एकान्ताची मर्यादाही नोंदवली पाहिजे. १९११ च्या खानेसुमारीत हिंदुस्थानातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे सहा टक्के होते आणि स्त्रियांमध्ये जेमतेम एक टक्का. मायना गळाला तरी जातीची आणि लिंगाची सीमा गळाली नव्हती. वाचता येणे हीच ती सीमा होती. शिवाय गाळलेला मायना मागल्या दाराने परत येई. गुण आलेल्या गिऱ्हाइकांची म्हणून जी प्रशस्तिपत्रे छापली जात, त्यांत नाव, गाव आणि हुद्दा ठसठशीतपणे येत. वाचक अनामिक असला, तरी साक्षीदार प्रतिष्ठितच लागे.

या गद्याचे वेगळेपण तुलनेने अधिक स्पष्ट होते. १८७१ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या आर्मी अँड नेव्ही सोसायटीने १८९१ मध्ये मुंबईत आपले दुकान उघडले. तिच्या जाडजूड सूचीत वस्तूचे नाव, चित्र, माप आणि किंमत एवढेच बहुतांशी असे. ग्राहक आपल्यापैकीच आहे, या गृहीतावर तो मजकूर उभा होता. त्यामुळे मन वळवण्याची गरज थोडी होती. आपलेपणाची अशी हमी ज्याच्यापाशी नव्हती, त्या देशी विक्रेत्याला भाषा घडवावी लागली. ती केव्हा केव्हा थेट नियतकालिकापर्यंत पोहोचली. मुंबईत १८९३ मध्ये अमृतांजन काढणाऱ्या काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी १९०८ मध्ये येथूनच 'आंध्रपत्रिका' हे तेलुगू साप्ताहिक सुरू केले आणि १९२४ मध्ये 'भारती' हे वाङ्मयीन मासिक. मराठीत १९२० चे 'किर्लोस्कर खबर' हे लोखंडी नांगर विकणाऱ्या कारखान्याचे पत्रक होते. त्यातून 'किर्लोस्कर' आणि पुढे 'स्त्री' (१९३०) व 'मनोहर' (१९३४) ही मासिके उभी राहिली. मालाच्या आणि साहित्याच्या वाचकांचे पत्ते एकाच वहीत होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

असे असता जाहिरातीला निव्वळ फसवणूक म्हणून बाजूला सारणे पुरेसे ठरत नाही. फसवणूक होतीच. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये गुप्त औषधांची रासायनिक तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा बीचमच्या विख्यात गोळ्यांत कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण यांपलीकडे फारसे काही आढळले नाही. परंतु पृथक्करण गोळीचे होते, वाक्यांचे नव्हे. वाक्यांना उत्तर वाक्यांनीच द्यावे लागते, आणि ते रघुनाथ धोंडो कर्वे यांनी दिले. 'समाजस्वास्थ्य' (१९२७–१९५३) हेही अनोळखी वाचकाच्या खाजगी पत्रावर जगणारे मासिक होते. वाचक तोच, त्याची शंका तीच. मात्र जाहिरात ती शंका गुप्त राखून तिच्यावर किंमत लावत होती, तर कर्वे तिचे उत्तर छापून ती निर्धास्त करत होते. अशा उत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी त्यांना दंड झाला.

भीती विकणाऱ्या मजकुराविरुद्धचा अखिल भारतीय कायदा १९५४ मध्ये आला. त्याने तावीज, मंत्र आणि कवच यांना 'जादूचे उपाय' म्हणून औषधांच्या शेजारी बसवले. फलश्रुती आणि जाहिरात यांचे नाते कायद्याने नकळत मान्य केले, असा याचा अर्थ घेता येतो. त्याच कायद्याने स्त्रियांच्या गर्भधारणेला प्रतिबंध करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीलाही मनाई केली. कर्वे आदल्याच वर्षी वारले होते. भोंदू आणि सुधारक यांना एकाच कलमात कोंबणाऱ्या या दृष्टीला मजकुराचा विषय दिसत होता, संबोधनाची रीत दिसत नव्हती. या कायद्याचा प्रश्न हमदर्द दवाखाना खटल्यात १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा जाहिरात हा उक्तीचा प्रकार असला तरी व्यापारासाठी केलेल्या अशा उक्तीला भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असा निर्णय झाला. १९९५ च्या टाटा प्रेस खटल्यात त्याच न्यायालयाने व्यापारी उक्तीलाही ते संरक्षण देऊ केले.

जाहिरात ही कोणत्या प्रकारची उक्ती आहे, हा प्रश्न न्यायालयांनी विचारला. वाङ्मयसमीक्षेने तो फारसा विचारला नाही. वास्तविक तो तिचाच प्रश्न आहे. एकान्तात बसून, आपल्याच उणिवेविषयी, अनोळखी आवाजाचे ऐकणारा वाचक ही आधुनिक कादंबरीची पूर्वअट मानली जाते. मराठीत हा वाचक एकट्या कादंबरीने घडवला नाही. बांधणीत कापल्या गेलेल्या पानांचा त्यात वाटा आहे. तो वाटा मान्य करायचा, तर भीती आणि विश्वास ही दोन्ही या वाचकाला एकाच भाषेतून शिकवली गेली, हेही मान्य करावे लागेल. कापलेली पाने ज्या संग्रहांत अजून शाबूत आहेत, तेथे ती पुन्हा वाचणे हे म्हणूनच गद्याच्या इतिहासाचे काम आहे.