मूळ गडी गेला की बँड कुणाचा?

तुळजापूरच्या पट्ट्यात संबळवाला आला नाही म्हणून गोंधळ अडला, असं सहसा होत नाही. कुणाचा तरी पुतण्या किंवा मेव्हणा संबळ कमरेला बांधतो, हातात दोन काठ्या घेतो, त्यातली एक टोकाला वळलेली, आणि उभा राहतो. गोंधळ्यांचा नाईक गण सुरू करतो, तुणतुणं आणि झांज साथीला लागतात, एकेका देवाला गोंधळाला येण्याचं आवतण जातं आणि मग आख्यान. यजमानाला वादक बदलल्याचं कळतही नाही. कळलं तरी त्याची तक्रार नसते, कारण नवस भवानीचा असतो, वादकाचा नसतो.

रॉक बँडचं गणित याच्या नेमकं उलटं आहे. तिथे संबळाची जागा आधी आणि वाजवणारा नंतर, असं नसतं. चार पोरं एकत्र येतात, त्यांना जे जमतं आणि जे जमत नाही त्यातून एक आवाज तयार होतो, आणि त्यालाच पुढे बँडचं नाव चिकटतं. त्यातला एक गेला की प्रश्न वाद्याचा राहत नाही. गिटार वाजवणारे पुष्कळ मिळतात. पण ज्याच्या चुकासुद्धा गाण्याचा भाग झाल्या होत्या, असा माणूस कुठून आणायचा?

जगभरचे दाखले दोन्ही बाजूंनी देता येतात. ऑस्ट्रेलियाच्या एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी 1980 मध्ये वारला आणि त्याच जुलैत ब्रायन जॉन्सनच्या आवाजात ‘बॅक इन ब्लॅक’ आला. जगात सर्वाधिक खपलेल्या अल्बमांत त्याची गणना होते. पिंक फ्लॉइडने 1968 मध्ये मूळ गायक-गिटारवादक सिड बॅरेटला सोडलं, डेव्हिड गिलमोर आधीच आत आला होता, आणि ज्या संगीतासाठी लोक त्या बँडला ओळखतात ते बहुतेक सगळं त्यानंतरचं. पण जुदास प्रीस्टने रॉब हॅलफर्डच्या जागी 1996 मध्ये टिम ओवेन्स हा गायक घेतला, तो त्यांचीच गाणी हुबेहूब गाणाऱ्या एका बँडमधला. हुबेहूब गाणं ही त्याची पात्रता होती आणि तीच त्याची अडचण ठरली. 2003 मध्ये हॅलफर्ड परत आला आणि ओवेन्सचं पर्व मिटलं.

आपल्याकडचा सगळ्यात बोलका दाखला दिल्लीच्या इंडियन ओशनचा. सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी 1990 मध्ये हा बँड उभा केला. पाठोपाठ राहुल राम आणि 1994 मध्ये अमित किलम आला. राहुल राम हा नर्मदा बचाव आंदोलनात वावरलेला माणूस, त्यामुळे ‘मा रेवा’ हे गाणं नर्मदाखोऱ्यातून थेट या बँडमध्ये आलं. पुढे या चौघांचं नाव महाराष्ट्रातल्या कॉलेजांपर्यंत पोचलं. 25 डिसेंबर 2009 रोजी असीम वारला.

असीम मांडी घालून तबल्यावर बसायचा आणि वाजवता वाजवताच गायचा. एकाच अंगातून सूर आणि ठेका निघत असल्यामुळे ओळ कुठे तोडायची हे त्याचा श्वास आणि हात मिळून ठरवत. समेवर येताना गळा किंचित मागे राहिला तर हात त्याच्यासाठी थांबे. त्याच्या जागी दोन माणसं घ्यावी लागली, गायला हिमांशू जोशी आणि तबल्याला तुहीन चक्रवर्ती. दोघेही तयारीचे. हिमांशूच्या गळ्याला शास्त्रीय बैठक आहे, तुहीनचा हात स्वच्छ आहे. पण आता गळा आणि तबला एकमेकांकडे बघून चालतात. पूर्वी बघायची गरजच नव्हती. जुनी गाणी त्यामुळे अधिक नेटकी झाली आणि थोडी कमी धोक्याची. 2013 मध्ये सुस्मित बाहेर पडला आणि निखिल राव आला. सुस्मितची गिटार सतारीच्या वळणाने, एकेक स्वर ओढत जायची. निखिलची इलेक्ट्रिक गिटार उघडपणे रॉकची आहे. म्हणजे ज्या दोघांनी बँड सुरू केला त्यांपैकी एकही उरला नाही, तरी बँड चालू आहे. 2023 मध्ये ‘तू है’ हा अल्बम आला आणि तो ऐकताना एक गोष्ट ठळक होते: जिथे नवे गडी स्वतःसाठी रचलेलं वाजवतात, तिथे ते कुणाच्या जागेवर बसल्यासारखे वाटत नाहीत. अडचण होते ती कार्यक्रमात. श्रोत्यांना ‘कंदिसा’ हे जुनं गाणं हवं असतं आणि ते 2000 सालच्याच आवाजात हवं असतं. या बाबतीत बँडपेक्षा श्रोता जास्त कर्मठ.

मुंबईच्या रॉक मशीनची गोष्ट थोडक्यात सांगता येते. 1984 चा हा बँड 1993 मध्ये इंडस क्रीड झाला, 1997 मध्ये थांबला आणि 2010 मध्ये पुन्हा उभा राहिला. उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बलपोरिया हे जुने, बास आणि ड्रमवर रुशाद मिस्त्री आणि जय राव कवी हे नवे. 2012 चा त्यांचा ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम जुन्या लोकप्रियतेवर जगत नाही. तो जास्त गंभीर आणि गुंतागुंतीचा आहे, आणि त्याचं श्रेय नव्या ठेक्यालाही जातं.

मराठी माणसाला मात्र गडी बदलण्याचा जुना अनुभव आहे तो तमाशाच्या फडाचा. फडमालक हंगामाआधी कलावंताला उचल देतो, ती फिटेपर्यंत कलावंत त्या फडाचा, हंगाम सरला की दुसरा मालक जास्त उचल पुढे करतो. ढोलकीवाला, सुरते, नाचणाऱ्या, अगदी सोंगाड्यासुद्धा या फडातून त्या फडात जातात. चैत्रात गावोगावच्या जत्रांत फड लागतो तेव्हा गावाने सुपारी दिलेली असते मालकाच्या नावाला. नाव टिकलं की फड टिकला.

पण हे सूत्र सगळीकडे चालत नाही. कवलापूरचे काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. ‘जहरी प्याला’ वगातल्या दोन हवालदारांची नावं त्यांना कायमची चिकटली. सारखे दिसणारे दोन चेहरे ही त्या विनोदाची अर्धी पुंजी होती. 2011 मध्ये लहू गेले, आणि त्या जागी बदली गडी ही कल्पनाच निरर्थक होती. तमाशा कलावंत कांताबाई सातारकरांचं उलट झालं. फडमालक तुकाराम खेडकरांच्या निधनानंतर त्यांना तो फड सोडावा लागला. त्यांनी स्वतःचा फड उभा केला, तो मुलाच्या आणि त्यांच्या जोडनावाने गाजला. 2021 मध्ये कांताबाई गेल्या, तरी फडाच्या नावात ‘सह कांताबाई सातारकर’ कायम राहिलं. रॉकच्या जगात अशा नावावरून लोक कोर्टात जातात. इथे तो घराण्याचा वारसा मानला जातो आणि प्रेक्षकही खळखळ करत नाही.

म्हणून फड बरा आणि बँड वाईट, असा निवाडा देता येत नाही. उचलीच्या व्यवहारात कलावंताचं स्वातंत्र्य किती, हा प्रश्न आहेच. आणि बदल पचवण्याच्या या सवयीची एक किंमत फडाने मोजली आहे, तिच्याकडे समीक्षेने कधी नीट पाहिलं नाही. इंडियन ओशनमध्ये काय बदललं हे सांगता येतं, कारण चौघांची नावं अल्बमवर छापलेली आहेत आणि जुनी ध्वनिमुद्रणं हाताशी आहेत. फडातला एखादा ढोलकीवाला वीस वर्षं वाजवून गेला आणि त्याच्यानंतर लावणीची चाल बदलली, तर ते कशावरून ओळखणार? फलकावर मालकाचं नाव हातभर, नर्तिकेचं वीतभर आणि ढोलकीवाल्याचं मुळीच नाही. गोंधळातही तेच. नाईकाचं पाठांतर त्याच्याबरोबर जातं, संबळवाल्याचा हात तर मोजलाच जात नाही.

धाराशिव जिल्ह्यात चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याची येडेश्वरीची यात्रा भरते, नवरात्रात तुळजापूर गजबजतं, आणि कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांत आता पोरांचे बँडही असतात. यात्रा कमिटीने फडाला सुपारी देताना, मंडळाने गोंधळ ठेवताना आणि कॉलेजने बँड उभा करताना एवढं करावं: वाजवणाऱ्या प्रत्येकाचं नाव फलकावर छापावं आणि कार्यक्रम मोबाइलवर का होईना, सलग रेकॉर्ड करून ठेवावा. तारीख टाकायला विसरू नये.