अहवालात न मावणारे वर्ष

वैद्यकीय महाविद्यालयांतील विज्ञान विभागांचे वार्षिक अहवाल आम्ही नेमाने वाचतो. शोधनिबंध पानोपानी, अध्यापनाला शेवटी दोन ओळी! ही वाटणी आम्हांला पटत नाही.

टोरंटो विद्यापीठाच्या शरीरक्रियाशास्त्र विभागाचे १९२१ हे वर्ष घ्या. प्रा. मॅक्लाउड यांनी बँटिंग या तरुण शल्यचिकित्सकाला प्रयोगशाळा, काही कुत्रे आणि मदतीला चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी दिला. स्वादुपिंडातील इन्शुलिन शोधायचे, तर रक्तातील साखर मोजायला हवी. ते तंत्र बेस्टला अवगत होते, बँटिंगना त्याचा सराव नव्हता. आता हे श्रेय संशोधनाच्या रकान्यात टाकायचे की अध्यापनाच्या?

वर्षअखेर तर अहवाल लिहिणाऱ्याची पंचाईतच झाली असती. बरेच कुत्रे दगावलेले, ३० डिसेंबरच्या सभेतले निवेदनही फिके पडलेले. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला दिलेले पहिले इंजेक्शन फारसे लागू पडले नाही. कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीला टोचला, तेव्हा साखर उतरली. कॉलिप तर आल्बर्टाहून आलेले पाहुणे!

१९२३ च्या नोबेल पारितोषिकात बँटिंग आणि मॅक्लाउड एवढीच नावे होती. बँटिंगनी आपली निम्मी रक्कम बेस्टला दिली, मॅक्लाउडनी कॉलिपना.